सिगारवाल्या मास्तरांची तपासणी

आमचे हे कुलपांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. तयार झालेलं कुलूप यांच्या टेबलावर येतं आणि हे ते तारेने, चिमट्याने, चुकीच्या किल्लीने, शेवटी हातोडीच्या ठोक्याने उघडायला बघतात. उघडलं तर नापास. समोर येईल त्यावर अविश्वास दाखवायचाच पगार मिळतो म्हटल्यावर संध्याकाळी तरी माणूस जरा सैल होईल, अशी आशा मी लग्नानंतर काही काळ बाळगली होती. पुढे नाद सोडला. दुधाचं माप, डॉक्टरांचं निदान, हवामानाचा अंदाज, बातम्या देताना हसणारी बाई, सगळीकडे यांना काहीतरी काळंबेरं दिसतं. माझ्या बहिणीने एकदा वाढदिवसाला यांना सदरा पाठवला, तर हे आठवडाभर मला विचारत होते, "तिला आपल्याकडून नक्की काय हवंय?" आणि मनात आलं की तोंडावर बोलून मोकळे. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी मोठ्या हौसेने आपलं मनगटी घड्याळ दाखवलं. हे ते उलटसुलट करून म्हणाले, "नकली आहे." वडिलांना ते घड्याळ पुन्हा घालवलं नाही.

या सगळ्या संशयातून सुटलेलं जगात एकच माणूस होतं, वन्सं. यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर वन्संनीच यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आजारपणं काढली. त्यांचे यजमान वारले तेव्हापासून त्या आमच्याकडेच राहत होत्या. औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायच्या. केस पांढरे झालेल्या या माणसाला त्या अजून "बाळ्या" म्हणायच्या, आणि मी वाढलेल्या आमटीचा आधी वास घेणारा हा माणूस वन्संनी ताटात काय टाकलं ते न बघता खायचा.

एका संध्याकाळी जेवताना वन्संनी सांगितलं, "बाळ्या, मला एकांनी लग्नाचं विचारलंय."

यांचा घास हातातच राहिला. "कोणी?"

"सिगारचं दुकान आहे त्यांचं. मागच्या रस्त्याला. सगळे मास्तर म्हणतात."

"शाळेत होते?"

"नाही रे."

"मग मास्तर कशाला म्हणतात?" पहिला संशय तिथेच पडला. "आणि तुझी ओळख कशी झाली? तू कधीपासून सिगार प्यायला लागलीस?"

"डिस्टिल्ड वॉटर न्यायला येतात आमच्या दुकानात."

"माणसाला डिस्टिल्ड वॉटर कशाला लागतं? त्याच्याकडे काय बॅटऱ्या आहेत?"

वन्सं हसल्या. मग हातातला चमचा उगाच पदराने पुसत म्हणाल्या, "तूच जा आणि बघून ये. तू हो म्हणालास तर मी हो म्हणेन. नाही म्हणालास तर तो विषय संपला." आवाज अगदी सहज होता. पण गेले काही दिवस या बाई भांडी विसळताना गुणगुणत होत्या, ते मी ऐकलं होतं. या वयात असं कुणी पुन्हा विचारेल अशातला भाग नव्हता. आणि त्यांनी ते सगळं उचलून यांच्या टेबलावर ठेवलं होतं.

हे लगेच कामाला लागले. "मी गिऱ्हाईक बनून जाणार. सिगार शिकायचाय म्हणून सांगणार. आणि तूही चल. बायको बरोबर असली की माणूस साधा वाटतो."

मास्तरांचं दुकान अरुंद आणि खोल होतं. एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला केशकर्तनालय. आत दोन जुन्या खुर्च्या, मध्ये जाड काचेचं रक्षापात्र, आणि मागची सगळी भिंत व्यापणारं काचेच्या दारांचं लाकडी कपाट. मास्तर किडकिडीत, टक्कल पडलेले, सदऱ्याच्या बाह्या नीट दुमडलेल्या. नखं अगदी स्वच्छ. यांनी कोपराने मला ढोसलं. तंबाखूच्या धंद्यातल्या माणसाची नखं इतकी स्वच्छ कशी?

"पहिल्यांदाच का?" मास्तरांनी विचारलं. "बसा. काही खाऊन आलात ना?"

"का?" हे म्हणाले.

"उपाशीपोटी चढते ती. गरगरतं. खाल्लं नसेल तर उद्या या, ती काही पळून जात नाही."

आलेल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणणारा दुकानदार यांनी जन्मात पाहिला नव्हता. खाऊन आलोय म्हटल्यावर मास्तरांनी कपाट उघडलं. आतून जुन्या लाकडाचा आणि सुकामेव्याच्या डब्याचा असा मिळून वास आला. तळाशी एका पसरट भांड्यात ओला स्पंज होता. त्यासाठी ते डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी वापरलं तर बुरशी धरते, आणि पाणी नसलंच तर पानं सुकून तडकतात, असं त्यांनी सांगितलं. हे माझ्या कानाशी पुटपुटले, "ऐकायला बरोबर वाटतंय. तयारीचा आहे."

"सगळ्यात महागाचा दाखवा," हे म्हणाले. हा सापळा होता.

"नको," मास्तर म्हणाले. "सुरुवातीला महागाची घेतलीत तर ती वाया जाईल. अजून जिभेची ओळख नाही तिच्याशी. आणि फार बारीकही नको, बारीक लवकर तापते आणि जीभ पोळते. ही घ्या. बोटाएवढी लांब, अंगठ्याएवढी जाड, स्वभावाने सौम्य."

"तो काळा?"

"रंगावर जाऊ नका. काळी म्हणजे कडक आणि फिकी म्हणजे गरीब, असं नसतं. तो रंग फक्त वरच्या पानाचा. खरा कारभार आतल्या पानांचा."

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरी आम्ही "तो सिगार" म्हणतो. मास्तर "ती" म्हणायचे. "तिला दाबू नका, नुसती चाचपा. बोटं अशी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मध्ये पोकळ लागली तर भरताना हात आखडलाय. दगडासारखी लागली तर धूर यायचा नाही. पान बघा, जरा तुकतुकीत हवं. आणि हे उघडं टोक, इथे वास घ्या." हे सगळं इतक्या मायेने चाललं होतं की यांना तेच खटकलं. वस्तूशी इतकं गोड बोलणारा माणूस माणसांशी कसा वागत असेल, असा प्रश्न यांना पडला. मला मात्र दुसराच प्रश्न पडला होता. आमच्या घरात माझ्याशी असं कोण बोलतं?

बंद टोकाला पानाची इवलीशी टोपी असते. तेवढीच मास्तरांनी छोट्या पात्याने उडवली. "इथून खाली गेलात तर सगळी उलगडेल." मग लांब काडी पेटवली, तिचं आधीचं भगभगणं जाऊ दिलं, आणि ज्योतीला टेकू न देता दुसरं टोक गोल फिरवत नुसतं शेकलं. मी बेकरीत काम करते. शेकणं आणि जाळणं यातला फरक मला कळतो, म्हणून मला ते बघायला आवडलं.

"घ्या," मास्तर म्हणाले.

आता आपल्याकडे विडी ओढतात, सिगारेट ओढतात, चिलीम ओढतात. हे आयुष्यात काहीच ओढत नव्हते, पण भाषा येत होती. यांनी छाती भरून ओढला. पुढे जे झालं ते मी थोडक्यात सांगते. डोळे बाहेर, तोंड लाल, खोकल्याने खुर्ची मागे सरकली. मास्तरांनी पाण्याचा पेला आणि साखरेचा खडा पुढे केला.

"ओढायची ती सिगारेट, साहेब. हिला ओढायचं नाही. धूर तोंडात येऊ द्यायचा, जरा फिरवायचा आणि सोडून द्यायचा. छातीत न्यायचाच नाही. आणि घाई नको. मध्ये थांबा, गप्पा मारा, ती वाट बघते."

"मग लोक सिगार ओढतो असं का म्हणतात?" हे खोकत खोकत ओरडले.

"तो भाषेचा दोष. माझा नाही."

घरी येताना यांचा तोंडाचा पट्टा सुरू होता. "साखर तयार होती! पेला भरलेला होता! म्हणजे मी खोकणार हे त्याला माहीत होतं. मग आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, अहो, रोज कुणीतरी खोकत असेल. पण यांचं ऐकून मलाही वाटलं, खरंच, आधी सांगायला काय हरकत होती? संशय हा सर्दीसारखा असतो. एकाच घरात राहिलं की लागतोच.

दुसऱ्या खेपेला आम्ही जाऊन बसलो, तर मास्तरांनी काडी पेटवता पेटवता शांतपणे विचारलं, "ताईंचे भाऊ ना तुम्ही?"

हे गार पडले. वन्संनी सांगितलं असेल म्हणावं, तर त्यांनी शपथेवर नाही म्हटलं. मास्तर म्हणाले, "मान वाकडी करून बघायची सवय सारखी आहे." मग तेवढ्यावर विषय सोडून ते राख या विषयाकडे वळले. राख सारखी झटकायची नाही, साचू द्यायची, ती तोंडाशी धरून धूर थंड ठेवते. यांचं लक्ष कुठे होतं? "पहिल्या दिवशीच ओळखलं असणार," हे रस्त्यात म्हणाले. "तरी बोलला नाही. ताकास तूर लागू दिली नाही. असा माणूस घरात आणायचा?"

पण जाणं थांबलं नाही. दर आठवड्याला आम्ही जात होतो. हळूहळू मास्तरांचं आयुष्य तुकड्यातुकड्याने कळत गेलं. तरुणपणी ते तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला होते. गठ्ठे उलटसुलट करायचे, आतलं पान तापतंय का ते हात घालून बघायचं. वखार बंद पडली तेव्हा हे दुकान टाकलं. बायको आजारपणात गेली, मूलबाळ नाही. ती गेल्यावर त्यांनी घरी सिगार पेटवणं सोडलं, कारण तिच्याशिवाय तो वास घरात नकोसा वाटतो म्हणाले. नवख्याला शिकवल्याशिवाय ते विकत नसत, म्हणून मास्तर. धंदा जेमतेमच. त्यात गिऱ्हाइकाला वर सांगायचे, "रोज घेऊ नका, प्रकृतीला चांगली नाही ही. सणासुदीसारखी ठेवा."

"कशाने गेली बायको?" यांनी विचारलं.

"मूत्रपिंडाचं दुखणं होतं."

यांनी ते शेजारच्या केस कापणाऱ्याकडून ताडून पाहिलं. चष्मेवाल्याला विचारलं. मास्तरांच्या घराखालच्या इस्त्रीवाल्याकडे आपले सदरे इस्त्रीला टाकायला सुरुवात केली, आणि आमचं घर तिथून इतकं लांब की सदरे येईपर्यंत पुन्हा चुरगळायचे. सगळ्यांनी एकच सांगितलं, माणूस चांगला आहे. "सगळेच चांगला म्हणतात," हे म्हणाले, "म्हणजे पढवून ठेवलेत."

गंमत अशी की एकीकडे यांना सिगार आवडायला लागला होता. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर चव बदलते, ती ओळखायला लागले. "आज सुरुवातीला भाजलेल्या पावासारखी होती, मग मिरपूड आली," असं बसमध्ये बसून मला सांगायचे. नकळत "ती" म्हणायला लागले होते. मग एकदम दचकून सरळ बसायचे. "हीच त्याची चाल आहे. सवय लावतो." शेवटचा तुकडा मात्र रक्षापात्रात चिरडायला जायचे, आणि प्रत्येक वेळी मास्तर यांचा हात धरायचे. "चिरडू नका हो. घाण वास सुटतो. ठेवून द्या नुसती. आपली आपण विझते."

निकाल काही लागत नव्हता. वन्सं विचारत नव्हत्या. पण भांडी विसळताना आता नुसता भांड्यांचाच आवाज यायचा, आणि कामावरून आल्या की त्या पायातल्या चपला काढताना भिंतीला धरून जरा उभ्या राहायच्या. एका रात्री जेवण झाल्यावर मी यांना म्हटलं, "अहो, पास करा की आता ते कुलूप. किती ठोकणार?"

"तुला काय जातंय म्हणायला?" हे उसळले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ती गेली तर या घरात मला बाळ्या म्हणणारं कोण राहणार?"

मला यांची दया आली आणि रागही आला. माझा हा माणूस, आणि मी या घरात कोण, हे विचारायचं होतं, पण ती वेळ नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात ते झालं. आम्ही दुकानाशी पोचलो तर दार अर्धवट उघडं होतं. मास्तर आमच्याकडे पाठ करून कपाटातला स्पंज पिळत होते. फोन खांद्याने कानाशी धरला होता. हे उंबऱ्यातच थबकले आणि मला हाताने अडवलं.

"अहो, कोरडी पडली म्हणून काय झालं?" मास्तर फोनवर बोलत होते. "टाकून थोडीच द्यायची? ... हो, सुरकुतली असेल वरून, पण आत जीव असतो अजून ... माझ्याकडे आणून सोडा. मी आणतो तिला वळणावर ... नाही नाही, घाईने नाही, घाई केली तर फुटेल." मग हसले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांना मात्र इतक्यात काही कळू देऊ नका."

यांनी माझा दंड धरून मला कोपऱ्यापर्यंत ओढत नेलं. चेहरा पांढराफटक.

"ऐकलंस? कोरडी. सुरकुतलेली. आणून सोडा. माझ्या ताईला!"

"सिगारबद्दल असेल हो."

"सिगार त्याच्या दुकानातून बाहेर जातात. बाहेरून त्याच्याकडे आणून सोडायला कोण बसलंय? आणि 'त्यांना कळू देऊ नका' म्हणजे कुणाला? सिगार लपवून ठेवायला ती काय चोरीची आहे?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. इतका चांगला माणूस, इतकी स्वच्छ नखं, आणि तो खाली आणलेला आवाज. कोण होतं पलीकडे? लग्न जुळवणारा कुणी? आणखी कुणी बाई? बसमध्ये यांच्या कपाळाची शीर टकटक उडत होती, आणि तिच्यात राग होता तसाच सुटकेचा आनंदही होता, असं मला वाटलं. एवढे आठवडे ठोकून अखेर कुलूप उघडलं होतं.

वन्सं स्वयंपाकघरात टेबलाशी भाजी निवडत होत्या. यांनी पाय न धुता, पाणी न पिता सुरुवात केली. "ताई, तो माणूस बरोबर नाही. आज मी माझ्या कानांनी ऐकलं. फोनवर कुणाला तरी सांगत होता, कोरडी पडलीये, सुरकुतलीये, माझ्याकडे आणून सोडा, मी वळणावर आणतो."

वन्संचे हात थांबले. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "मग?"

"मग काय? हसत होता वर. म्हणाला, त्यांना काही कळू देऊ नका."

"हे माझ्याबद्दल बोलत होते?"

"मग कुणाबद्दल?"

"नाही, बाळ्या, मी विचारतेय. कशावरून माझ्याबद्दल?" आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. "माझं नाव घेतलं त्यांनी?"

हे क्षणभर थांबले. तो क्षण मी पाहिला. मग म्हणाले, "घेतलं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? स्पष्ट घेतलं. हिला विचार. ही होती तिथे."

वन्संनी माझ्याकडे मान वळवली. यांनीही वळवली. नवऱ्याच्या शब्दाला मी चारचौघांत कधी छेद दिला नव्हता. पण या बाईचं उरलेलं सगळं आयुष्य माझ्या पुढच्या शब्दावर टांगलेलं होतं. "नाही वन्सं," मी म्हटलं. "नाव नाही घेतलं कुणाचं."

"तुला धड ऐकू येतं का?" हे माझ्यावर खेकसले. "तू मागे उभी होतीस. मी पुढे होतो. मी ऐकलंय नाव!"

"बाळ्या," वन्सं म्हणाल्या. "फोनवर मी होते."

वन्सं उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. टेबलावर ठेवून रुमाल उलगडला. आत एक जाड, देखणा सिगार होता, वरचं पान सुकून आवळलेलं. "तू हो म्हणशील त्या दिवशी तुला द्यायला घेतली होती मी. त्यांच्याकडची सगळ्यात चांगली. मला काय माहीत इतके दिवस लागतील. कपाटात ठेवली ती सुकून गेली. आज काढून बघितली आणि जीव हळहळला, म्हणून फोन करून विचारलं, ही गेली का आता? त्यावर ते जे बोलले ते तू ऐकलंस. मीही ऐकलं. सगळं ऐकलं. नाव काही ऐकलं नाही मी माझं."

हे टेबलाची कड धरून उभे होते.

"तू कटकट्या आहेस," वन्सं म्हणाल्या. "संशयी आहेस. बोलून दुखवतोस माणसांना. ते सगळं मला माहीत होतं, मीच वाढवलंय तुला. पण तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस. बरणी फोडलीस तर मी फोडली म्हणून सांगत यायचास. म्हणून तुला पाठवलं मी. म्हटलं, माझे डोळे आता भुललेले असतील, पण बाळ्या जे असेल ते सांगेल."

"ताई," यांचा आवाज फुटला. "ताई, माणूस चांगला आहे तो. शपथेवर सांगतो. मी सगळीकडे विचारलं, सगळं उकरून बघितलं, काही सापडलं नाही. तू लग्न कर त्याच्याशी. माझा होकार आहे."

हे खरं होतं. इतकं खरं यांच्या तोंडून मी फार कमी वेळा ऐकलंय. वन्संनीही ते लक्ष देऊन ऐकलं. यांच्या चेहऱ्यावर डोळे रोखून त्या बराच वेळ बघत राहिल्या, मान जरा वाकडी करून.

"हे मनापासून म्हणतोयस," त्यांनी विचारलं, "की पकडला गेलास म्हणून?"

"मनापासून."

"आता मी ते कसं ओळखू रे?" वन्सं म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना यांच्यासमोर रडताना पाहिलं नव्हतं.

लग्न झालं. यांच्या होकारावर नाही, वन्संनी स्वतःच ठरवून केलं. भांडण नाही, अबोला नाही. मास्तरांना त्या दिवसाचं वन्संनी काही सांगितलं असेल असं वाटत नाही, कारण ते यांच्याशी पूर्वीसारखेच अघळपघळ बोलतात, आणि हे त्यांच्या दुकानात जातात तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसतात. मास्तरांबद्दल यांच्या तोंडून आता एक वाकडा शब्द येत नाही. कारखान्यात कुलपं नापास होतात तेवढीच.

वन्सं आणि मास्तर परवा आले होते. मी चहा ठेवला. वन्सं अजून यांना बाळ्याच म्हणतात, ती काळजी यांनी उगाच केली होती. त्यांनी विचारलं, "बाळ्या, पाठदुखी कशी आहे रे?"

"बरी आहे," हे म्हणाले. खरंच बरी होती. डॉक्टरांनीही तसं सांगितलं होतं, आणि यावेळी यांनी डॉक्टरांवर विश्वाससुद्धा ठेवला होता. "आता काही त्रास नाही, ताई."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत थांबल्या. हेही माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, तेव्हा कुठे वन्संनी चहाचा कप उचलला.